खामा राजा आणि वाडवडिलांच्या चाली

आफ्रिकेच्या मध्य व दक्षिण भागांतील बान्तु लोकांचें नांव आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं ऐकलें असेल. हें एका जातीचें नांव नव्हे. ज्यांच्या भाषा एकमेकींच्या बहिणी शोभतात अशा शेंकडों समाजांस मिळून तें दिलेलें आहे, आणि मूळ शब्दाचा अर्थ माणसें इतकाच आहे. त्यांपैकीं बांग्वाटो नांवाचे लोक आजच्या बोट्स्वाना देशांत कालाहारी वाळवंटाच्या पूर्वेस राहतात. त्यांचा राजा खामा याचें चरित्र आम्ही येथें देत आहों. प्रभूचा झालेल्या मनुष्यानें वाडवडिलांच्या कोणत्या चाली टाकाव्या व कोणत्या ठेवाव्या, हा आमच्या खेड्यांतील मंडळ्यांचा नित्याचा प्रश्न त्याच्याही पुढें होता, आणि तो सोडवितांना त्यास बापाचें वैर पत्करावें लागलें.

खामाचा जन्म १८३५ च्या सुमारास झाला. त्याचा बाप सेखोमा हा राजा होता, तसाच मोठा मांत्रिकही होता. कारण पाऊस आणणें हें त्या लोकांत राजाचेंच काम समजत. खामानें १८६० सालीं शोशोंग गांवीं एका जर्मन मिशनऱ्याच्या हातून बाप्तिस्मा घेतला. मुलगा पुस्तक वाचतो व प्रार्थना करितो, एवढ्यावरून सेखोमा फारसा रागावला नाहीं. वितुष्ट आलें तें पुढें, दोन गोष्टींवरून.

पहिली गोष्ट लग्नाची. खामानें १८६२ सालीं एका ख्रिस्ती मुलीशीं लग्न केलें होतें. बापानें दुसरी बायको करण्याचा हुकूम केला. खामानें तो मानला नाहीं. दुसरी गोष्ट याहून जड होती. त्या लोकांत बोग्वेरा नांवाचा संस्कार असे. वयांत आलेल्या मुलांस थंडीच्या दिवसांत रानांत नेऊन त्यांची सुंता करीत, मार सोसावयास लावीत आणि कुळाचे कायदे व गाणीं शिकवीत. एका वेळीं संस्कार झालेल्या मुलांची जन्मभराची एक पलटण होई व राजपुत्र तिचा नायक असे. ज्याचा संस्कार झाला नाहीं तो कितीही वाढला तरी पोरच. १८६५ सालीं सेखोमानें हा संस्कार मांडला, तेव्हां खामा व त्याचे ख्रिस्ती भाऊ गेले नाहींत. भरल्या गांवांत राजाचेच मुलगे गैरहजर! बापाच्या जिवास तें किती लागलें असेल, हें ज्यांनीं असा प्रसंग घरांत पाहिला आहे त्यांस आम्हीं सांगावयास नको. दुसऱ्याच वर्षीं सेखोमानें मुलांवर शस्त्र उचललें, आणि खामास आपल्या लोकांसह डोंगरांत पळावें लागलें.

गादी मध्यंतरीं इकडून तिकडे फिरली. १८७२ सालीं ती खामास मिळाली, पण लवकरच पुन्हां बापाकडे गेली. १८७५ पासून मात्र ती मरेपर्यंत त्याच्याकडेच राहिली.

आतां त्यानें काय टाकलें व काय ठेविलें तें पाहूं. बोग्वेरा बंद केला, परंतु तरुणांच्या पलटणी मोडल्या नाहींत. त्या तो प्रार्थना करून बांधूं लागला, व त्यांच्याकडून गांवाचीं कामें पूर्वीप्रमाणेंच होत राहिलीं. पावसाचे मंत्रतंत्र गेले, पण पेरणीचा आरंभ राजाच्या शब्दानें व्हावा ही चाल राहिली. त्या दिवशीं सर्व लोक जमून देवाजवळ पाऊस मागूं लागले. राजाची चावडी, जिला ते खोटला म्हणतात, तीही तशीच राहिली. मुलीबद्दल गुरें देण्याची बोगाडी नामक चाल त्यानें बंद केली. ही आपल्याकडील देजासारखी दिसते. परंतु तेथें गुरें दिल्यावांचून मुलें बापाच्या कुळाचीं होत नसत, म्हणून ती नुसती विक्री म्हणतां येणार नाहीं. या बाबतींत राजानें थोडी घाई केली असें आम्हांस वाटतें.

दारूविषयीं तो फारच कडक होता. गोऱ्या व्यापाऱ्यांनीं ब्रँडी विकली तर त्यांस तो राज्याबाहेर घालवी, आणि हें करण्यास त्या काळीं छाती लागे. पुढें त्यानें जोंधळ्याची घरगुती दारूही बंद केली. ती पाहुण्यास द्यावयाची, शेतांत मदतीस येणाऱ्यांस द्यावयाची, म्हणून लोक कुरकुरले आणि चोरून करूं लागले. १८९५ सालीं त्याचा भाऊ राडिट्लाडी भांडून आपल्या लोकांसह वेगळा झाला.

त्याच वर्षीं सेसिल ऱ्होड्स याच्या कंपनीच्या हातीं देश जाण्याचें संकट आलें. तेव्हां खामा, सेबेले व बाथोएन हे तिघे राजे मिशनरी विलोबी यांस बरोबर घेऊन विलायतेस गेले, गांवोगांवच्या मंडळ्यांत बोलले व विक्टोरिया राणीसही भेटले. रेल्वेसाठीं जमिनीची एक पट्टी द्यावी लागली. देश मात्र कंपनीकडे गेला नाहीं.

घरचें दुःख त्यास चुकलें नाहीं. वडील मुलगा सेखोमा, आजोबांचेंच नांव ठेविलेला, याच्याशीं त्याचें बिनसलें, आणि ज्यास एकदां बापापुढून पळावें लागलें होतें त्यानें स्वतःच्या मुलास कित्येक वर्षें दूर ठेविलें. मरणापूर्वीं समेट झाला.

खामा २१ फेब्रुवारी १९२३ रोजीं सेरोवे येथें वारला. त्याचा नातू सेरेत्से १९६६ सालीं स्वतंत्र बोट्स्वानाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. बांग्वाटो लोकांचें देवक फुटी नांवाचें लहानसें हरिण आहे. तें ते मारीत नाहींत व खात नाहींत. सेरोवेच्या टेकडीवर खामाच्या कबरेवर त्याच हरिणाची कांशाची मूर्ति उभी केलेली आहे.