शोधणाराच हरवला तेव्हा...

'द लिटल प्रिन्स' हे छोटंसं पुस्तक तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल, निदान नाव तरी ऐकलं असेल. वाळवंटात विमान बंद पडलेला एक वैमानिक आणि दुसऱ्या ग्रहावरून आलेला एक लहानगा राजपुत्र यांची ती गोष्ट. आमच्या कॉन्व्हेंटच्या लायब्ररीत त्याची जी प्रत होती ती हातोहात फिरून पार खिळखिळी झाली होती. पण या पुस्तकाचा लेखक स्वतः वैमानिक होता, दुसऱ्या महायुद्धात टेहळणीच्या फेरीवर गेला आणि परत आलाच नाही, हे किती जणांना माहीत आहे? त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे त्याचा पहिला पत्ता तब्बल 54 वर्षांनी लागला, तोही एका मच्छीमाराच्या जाळ्यात! मी पडले मालवणची. जाळं म्हटलं की आमचे कान टवकारतात. म्हणून यंदा मासिकासाठी या माणसाबद्दलच लिहायचं ठरवलं.

त्याचं नाव आंत्वान द सेंत-एक्झुपेरी. उच्चार करताना जिभेला गाठ पडते, पण त्याचे मित्र त्याला नुसतं सेंटेक्स म्हणायचे. आपणही तेच म्हणू.

सेंटेक्सचा जन्म 29 जून 1900 चा, फ्रान्समधल्या लिऑन शहरातला. घराणं सरदारी, पण पैशाची बाजू लंगडी. तो चार वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा वडील वारले. पाच भावंडांना आईनेच वाढवलं. विमानाचं वेड लहानपणापासून. बारा वर्षांचा असताना घराजवळच्या विमानतळावर घुटमळून घुटमळून त्याने एका वैमानिकाबरोबर पहिली फेरी मारून घेतली. राईट बंधूंचं पहिलं उड्डाण होऊन तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती!

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणजे परीक्षा. नौदलाच्या अकादमीच्या प्रवेश परीक्षेत हा पठ्ठ्या नापास झाला. मग आर्किटेक्चरच्या वर्गात जाऊन बसला, तेही अर्धवट सोडलं. (एटीकेटीवाल्यांनी धीर धरावा!) 1921 मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेसाठी गेला तर नेमणूक जमिनीवरच्या कामाची. तेव्हा पदरचे पैसे भरून त्याने विमान चालवण्याचे धडे घेतले आणि लायसन्स मिळवलं. 1923 मध्ये पॅरिसजवळ अपघात होऊन डोक्याला जबर मार बसला. ज्या मुलीशी लग्न ठरलं होतं तिच्या घरच्यांना हे उडणं-बिडणं पसंत नव्हतं. म्हणून त्याने विमान सोडून ऑफिसातली नोकरी धरली. पुढे ट्रक विकायचीही नोकरी केली, आणि वर्षभरात जेमतेम एक ट्रक विकला असं सांगतात. लग्न तर मोडलंच.

खरं आयुष्य सुरू झालं ते 1926 मध्ये. तुलूझ शहरातली लातेकोएर कंपनी विमानाने टपाल नेत असे. स्पेनवरून खाली उतरत आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने थेट डाकारपर्यंत. तिथे नव्या वैमानिकाला लगेच विमान मिळत नसे. आधी वर्कशॉपमध्ये मेकॅनिकच्या हाताखाली इंजिनं उघडायची, सिलिंडर साफ करायचे, हात काळे करायचे, मगच आकाश. आपल्या फर्स्ट इयरच्या वर्कशॉपला नाकं मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

ती विमानं म्हणजे उघड्या कॉकपिटची, लाकडी पंख्याची. रेडिओ नाही. इंजिन केव्हा बंद पडेल याचा नेम नाही. खाली सहारा. इंजिन बंद पडून वाळवंटात उतरावं लागलं तर तहानेने मरायचं, नाहीतर टोळीवाल्यांच्या हाती सापडायचं. म्हणून तिथे विमानं जोडीने जात. एक उतरलं तर दुसऱ्याने त्याच्या माणसांना उचलून आणायचं. 1927 मध्ये सेंटेक्सला केप जुबी या ठाण्याचा प्रमुख केलं. एका बाजूला समुद्र, तिन्ही बाजूंना वाळू, राहायला एक लाकडी खोपटं. तिथलं त्याचं मुख्य काम काय, तर हरवलेल्यांना शोधणं. पडलेली विमानं हुडकायची, टोळीवाल्यांशी बोलणी करून पकडलेल्या वैमानिकांना सोडवायचं. हे काम त्याने असं केलं की फ्रान्स सरकारने त्याला 'लिजन ऑफ ऑनर' दिला.

नंतर कंपनीने त्याला अर्जेंटिनात पाठवलं. तिथली एक हकिगत मला सगळ्यात जास्त लागली. जून 1930 मध्ये त्याचा जिवलग मित्र आंरी गियोमे टपाल घेऊन अँडीज पर्वत ओलांडताना हिमवादळात सापडला आणि बर्फात उतरला. तिकडे जून म्हणजे ऐन हिवाळा. हिवाळ्यात अँडीजमध्ये हरवलेला माणूस परत येत नाही, असं तिथले लोक छातीठोकपणे सांगत होते. तरीही सेंटेक्स पाच दिवस त्या शिखरांमधून विमान फिरवत राहिला. दिसलं काहीच नाही. आणि गियोमे? तो खाली बर्फातून चालत होता. अन्न नाही, झोप नाही, पाय सुजलेले. एका क्षणी तो खाली पडला आणि आता उठायचं नाही असं त्याने ठरवलं. तेव्हा त्याला आठवली आपली विम्याची पॉलिसी. माणूस बेपत्ता झाला तर कायद्याने तो मेला असं धरायला चार वर्षं लागायची. तोवर बायकोच्या हाती काहीच पडणार नाही. समोर एक खडक दिसत होता. तिथवर गेलो तर उन्हाळ्यात निदान प्रेत तरी सापडेल, एवढ्याचसाठी तो उठला. उठला तो चालतच राहिला, आणि जिवंत माणसांत येऊन पोचला! ही सगळी हकिगत सेंटेक्सने पुढे 'विंड, सँड अँड स्टार्स' या 1939 च्या पुस्तकात लिहून ठेवली.

बेपत्ता या शब्दाचं वजन आमच्या किनाऱ्यावर कोणाला समजावून सांगावं लागत नाही. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळ आलं तेव्हा मी अगदी लहान होते. पण घरी त्याचा विषय निघाला की मोठी माणसं अजून आवाज खाली आणतात. गेलेला माणूस मिळाला तर रडून तरी घेता येतं. मिळालाच नाही तर घरच्यांनी करायचं काय? आपल्याकडेही कायदा सर्वसाधारणपणे सात वर्षं थांबायला सांगतो. सात वर्षं कुंकू लावायचं की पुसायचं, हे त्या बाईला कोण सांगणार? नारळी पौर्णिमेला बंदरावर सोन्याचा नारळ अर्पण करून गाऱ्हाणं घालतात तेव्हा मागणं एकच असतं, गेलेला परत येऊ दे.

असो. डिसेंबर 1935 मध्ये पॅरिस ते सायगाव या शर्यतीत सेंटेक्स स्वतःच वाळवंटात कोसळला. तो आणि त्याचा मेकॅनिक प्रेव्हो चार दिवस जवळजवळ पाण्यावाचून भटकले आणि शेवटी एका बदाऊनी माणसाने त्यांना वाचवलं. 'द लिटल प्रिन्स'मधलं बंद पडलेलं विमान आणि वाळवंट तिथूनच आलं. विशेष म्हणजे या कवी माणसाच्या नावावर विमानविद्येतली दहा-बारा पेटंटही आहेत. म्हणजे तो आपल्यातलाच एक होता असं म्हणायला हरकत नाही.

मग युद्ध आलं. 1940 मध्ये तो फ्रेंच हवाई दलाच्या टेहळणी तुकडीत होता. जर्मन फौजा पुढे येत असताना शत्रूच्या डोक्यावरून जायचं आणि फोटो काढून आणायचे. अवघ्या तीन आठवड्यांत त्यांच्या 23 पैकी 17 विमानांची माणसं गेली, असं त्याने लिहून ठेवलंय. फ्रान्स पडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गियोमेचं विमान भूमध्य समुद्रावर पाडलं गेलं. अँडीजने परत दिलेला माणूस समुद्राने ठेवून घेतला. सेंटेक्स अमेरिकेला गेला आणि तिथे 1942 मध्ये त्याने 'द लिटल प्रिन्स' लिहिलं. पुस्तक एप्रिल 1943 मध्ये न्यूयॉर्कला प्रसिद्ध झालं, आणि त्याच महिन्यात हा पुन्हा युद्धावर निघाला.

खरं तर त्याने जायलाच नको होतं. वय 43, आणि ते विमान चालवणारी मुलं विशी-पंचविशीतली. जुन्या अपघातांनी शरीर इतकं आखडलं होतं की उड्डाणाचा पोशाख चढवायलाही मदत लागायची. दुसऱ्याच फेरीत उतरताना विमान धावपट्टीबाहेर गेलं आणि त्याला महिनोन्महिने घरी बसवलं. त्याने वरपर्यंत खेटे घातले. शेवटी अमेरिकन जनरल ईकर यांनी मोजक्या पाच फेऱ्यांची परवानगी दिली. पाच संपल्या तरी तो उडतच राहिला. सुखासुखी प्रसिद्धी सोडून माणूस असं का करतो? मला तरी वाटतं की ज्याचे सगळे सोबती एकेक करून गेले, त्याला किनाऱ्यावर बसून राहणं जमलं नाही.

त्याचं विमान होतं लॉकहीड पी-38 लाइटनिंगचं टेहळणी रूप, एफ-5बी. दोन ॲलिसन इंजिनं, दोन शेपट्या. नाकातल्या बंदुका काढून तिथे कॅमेरे बसवलेले, म्हणजे पूर्ण निःशस्त्र. बचाव एकच, खूप उंचावरून वेगाने निघून जाणं. उंचीवर हवा विरळ, म्हणून प्रत्येक इंजिनामागे टर्बोसुपरचार्जर. बाहेर जाणाऱ्या गरम वायूवर टर्बाइन फिरतं आणि इंजिनात जास्त हवा कोंबतं. आयसी इंजिन्सच्या पेपरला येतं तेच! या टर्बोची आठवण ठेवा, पुढे लागणार आहे.

31 जुलै 1944 च्या सकाळी पावणेनऊच्या सुमारास त्याने कॉर्सिका बेटावरून उड्डाण केलं. दक्षिण फ्रान्समध्ये मित्रराष्ट्रांच्या फौजा उतरणार होत्या, त्यासाठी फोटो हवे होते. दुपारी एकपर्यंत परतायला हवं होतं. अडीच वाजता इंधन संपण्याची वेळही टळली. धावपट्टीवरची माणसं आकाशाकडे बघत राहिली. शोधणाराच हरवला होता. बरोबर पंधरा दिवसांनी फौजा उतरल्या.

पुढची 54 वर्षं नुसते तर्कवितर्क. कोणी म्हणे आल्प्समध्ये पडला, कोणी म्हणे समुद्रात, कोणी म्हणे त्याने जीव दिला. त्याची आई 1972 पर्यंत जगली, बायको कॉन्सुएलो 1979 पर्यंत. मुलाचं, नवऱ्याचं काय झालं हे दोघींनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

7 सप्टेंबर 1998. मार्सेजवळच्या समुद्रात जाँ-क्लोद बियांको नावाच्या मच्छीमाराने ट्रॉलरचं जाळं वर ओढलं. त्यात गाळात माखलेला एक डिखळा निघाला. बोटीवरच्या खलाशाला त्यात काहीतरी चमकताना दिसलं. फोडून घासलं तर चांदीचं ब्रेसलेट! त्यावर सेंटेक्सचं नाव, कॉन्सुएलोचं नाव आणि न्यूयॉर्कच्या प्रकाशकाचा पत्ता. बिचाऱ्याला शाबासकी मिळायच्या ऐवजी बनावट वस्तू दाखवतोस म्हणून ऐकून घ्यावं लागलं. पण लुक व्हानरेल नावाच्या पाणबुड्याने त्याच भागात शोध घेऊन 2000 मध्ये एका पी-38 चे अवशेष गाठले. 2003 मध्ये तुकडे वर काढले, त्यात टर्बोजवळच्या एका भागावर आकडा कोरलेला सापडला, 2734 आणि पुढे एल हे अक्षर. कारखान्याच्या जुन्या नोंदी काढल्या. तो आकडा सेंटेक्सच्याच विमानाचा होता! एप्रिल 2004 मध्ये हे अधिकृतपणे जाहीर झालं.

विमान का पडलं हे मात्र त्या तुकड्यांवरून ठरवता आलं नाही. 2008 मध्ये एका वृद्ध जर्मन वैमानिकाने ते आपणच पाडलं असं सांगितलं, पण नोंदींमध्ये त्याला पक्का आधार मिळालेला नाही.

असे सेंटेक्स आपल्याकडेही आहेत. पहिल्या महायुद्धात विमान चालवणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या भारतीयांमध्ये मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर होता. जून 1918 मध्ये फ्रान्सवर गस्त घालताना त्याला पाडलं आणि त्यातच तो गेला. डिसेंबर 1971 मध्ये नौदलाचं एक अलिझे विमान पश्चिम किनाऱ्याच्या गस्तीवर असताना पाडलं गेलं, त्यातले तिघे परत आले नाहीत. युद्ध नसतानाही, 22 जुलै 2016 रोजी हवाई दलाचं एएन-32 विमान 29 जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं. साडेसात वर्षांनी, जानेवारी 2024 मध्ये, त्याचे अवशेष सुमारे 3400 मीटर खोल तळाशी दिसले. ते शोधलं भारतीय संशोधकांनी सोडलेल्या, पाण्याखाली आपोआप चालणाऱ्या यंत्राने. ते यंत्र बनवणारेही कधीतरी आपल्यासारखेच सबमिशनच्या आदल्या रात्री जागले असणार.

वैमानिकांच्या शौर्यावर पुष्कळ लिहिलं जातं, लिहावंच. पण सेंटेक्सला घरी आणलं कोणी? जाळ्यातला गाळ समुद्रात न फेकता नीट बघणाऱ्या एका खलाशाने. आणि 1943 च्या आसपास कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात, शेकडो भागांपैकी एकावर न कंटाळता बरोबर आकडा उठवणाऱ्या एका कामगाराने. त्याचं नाव कोणालाच माहीत नाही. तो आकडा चुकला असता, किंवा नोंदवहीत लिहायचा राहिला असता, तर समुद्राच्या तळाशी नुसतं ॲल्युमिनियम उरलं असतं.

फिटिंगच्या जॉबवर रोल नंबर पंच करा असं सर सांगतात तेव्हा आपण तोंड वाकडं करतो, नंबर तिरका येतो, कधी मित्राच्याच जॉबवर आपला नंबर ठोकून टाकतो. उद्या आपण नोकरीला लागू, कोणी शिपयार्डमध्ये, कोणी एचएएलमध्ये, कोणी साध्या पंपाच्या कारखान्यात. आपण केलेला भाग कुठे जाईल, कोणाला घेऊन जाईल, आपल्याला कळणार नाही. एवढंच करू या, की त्यावरचा नंबर बरोबर असेल आणि वहीतली नोंद खरी असेल. कोणाची तरी आई त्या नोंदीची वाट बघत असू शकते.