एफएफ, एफएफ, एफएफ... आणि डॉवॉन कांग

मी पडले कॉन्व्हेंटवाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण ही गोष्ट मराठीतच सांगावीशी वाटली.

मायक्रोप्रोसेसर लॅबमध्ये माझ्या हातून एक गुन्हा घडला. यूव्ही इरेजरमध्ये जुनी ईप्रॉम ठेवायची सोडून मी आमच्या ट्रॅफिक लाइटचा चालू प्रोग्राम असलेली ईप्रॉम ठेवली. वीस मिनिटांनी वाचून बघते तर सगळीकडे एफएफ, एफएफ, एफएफ! पार्टनर दोन दिवस बोलली नाही. सर मात्र ओरडले नाहीत. मी जे इलेक्ट्रॉन पळवून लावले, ते कोंडून ठेवायची कल्पना कोणाची, एवढंच त्यांनी विचारलं. मी गप्प. मग लायब्ररी गाठली.

ती कल्पना डॉवॉन कांग आणि त्यांचे सहकारी सायमन झी यांची. कांग यांचा जन्म १९३१ चा, सोलचा. तेव्हा कोरियावर जपानचं राज्य होतं. स्वातंत्र्य आलं आणि पाच वर्षांत युद्धही आलं. अशा दिवसांत त्यांनी सोलमध्ये फिजिक्स केलं, १९५५ साली अमेरिका गाठली आणि १९५९ साली ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीची डॉक्टरेट घेऊन बेल लॅब्जमध्ये रुजू झाले. तिथे इजिप्तचे मोहम्मद अटाला यांच्याबरोबर त्यांनी पहिला मॉसफेट करून दाखवला. हो, तोच, ज्याच्या आकृत्या आपण परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतो! पण तो बायपोलर ट्रान्झिस्टरपेक्षा हळू चालायचा, म्हणून बेल लॅब्जने त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. हा बनवायला सोपा आहे, आयसीमध्ये उपयोगी पडेल, असं कांग यांनी १९६१ साली लिहून ठेवलं होतं.

आता रॉमकडे येऊ. मास्क रॉममधला मजकूर कारखान्यातच ठरतो. चूक झाली तर अख्खा लॉट भंगारात. १९५६ साली वेन त्सिंग चाऊ यांनी प्रॉम शोधली. तिच्यातले बारीक फ्यूज जाळून प्रोग्राम लिहायचा. आपण अजून प्रोग्राम बर्न करतो म्हणतो, ते त्या जाळण्यावरूनच. पण एकदा जाळलं की संपलं. आमच्यासारख्यांचं कसं व्हायचं?

१९६७ साली कांग आणि झी यांनी मॉसफेटच्या गेटखाली आणखी एक गेट घातलं. चारी बाजूंनी इन्सुलेटर, एकही वायर जोडलेली नाही. म्हणजे फ्लोटिंग गेट. थरांचा केक खाताना हे सुचलं असं सांगतात. (आपल्या मेसमध्ये असं काही सुचणं कठीण!) जास्त व्होल्टेज दिलं की इलेक्ट्रॉन आत शिरतात, आणि व्होल्टेज काढलं तरी आतच अडकून राहतात. पहिल्या नमुन्यात चार्ज तासाभरापेक्षा थोडा जास्त टिकला. बस, एवढंच. पण वीज नसताना टिकला, आणि पुसून परत लिहिता येण्यासारखा होता.

फळं मात्र दुसरीकडे लागली. १९७१ साली इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी फ्लोटिंग गेटवर ईप्रॉम केली. १७०२ नंबरची ती चिप २०४८ बिटांची होती. वरच्या काचेच्या खिडकीतून यूव्ही पडला की इलेक्ट्रॉन ऊर्जा घेऊन बाहेर पळतात. पुढे विजेनेच पुसता येणारी ईईप्रॉम आली आणि १९८४ साली तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी मांडली. हॉस्टेलची लाइट गेली तरी पेन ड्राइव्हमधली असाइनमेंट जात नाही, त्याचं मूळ १९६७ च्या त्या तासाभरात आहे.

कांग १९८८ साली बेल लॅब्जमधून निवृत्त झाले आणि प्रिन्स्टनच्या एनईसी रिसर्च इन्स्टिट्यूटचे पहिले अध्यक्ष झाले. १९९२ साली, ६१ व्या वर्षी ते गेले. पेन ड्राइव्ह त्यांनी पाहिलाच नाही. अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं २००९ साली.

प्रोग्राम मी पुन्हा लिहिला, पुन्हा बर्न केला. आता खिडकीवर काळा स्टिकर लावते आणि इरेजरचं झाकण बंद करण्याआधी नंबर दोनदा वाचते. पार्टनरही बोलायला लागली आहे.