मंगलचे जोशी सर आणि माझं एक्सपी

कॉम्प्युटरवर मराठी टाईप करताना फॉन्टच्या यादीत 'मंगल' हे नाव आपण सर्वांनीच पाहिलेलं आहे. पण ती अक्षरं कोणी घडवली, हे आमच्या विंगमध्ये एकालाही सांगता आलं नाही! ते होते रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजेच र. कृ. जोशी.

जोशी सरांचा जन्म १९३६ सालचा, सांगली जिल्ह्यातला. चित्रकार, सुलेखनकार आणि कवीसुद्धा. जाहिरात क्षेत्रात त्यांनी मोठं नाव कमावलं, उल्का या एजन्सीत ते मुख्य कला-दिग्दर्शक होते. १९८३ मध्ये ते आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल डिझाईन सेंटरला प्राध्यापक म्हणून आले आणि १९९६ पर्यंत तिथे शिकवत राहिले. त्यानंतर जुहूच्या एनसीएसटीमध्ये, म्हणजे पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालेल्या संस्थेत, त्यांनी भारतीय लिप्यांच्या फॉन्टवर काम केलं.

तेव्हाची मराठी म्हणजे एक जुगाड होता. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की नुसती इंग्रजी खिचडी! युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड असतो. जोडाक्षर कसं जुळवायचं, रफार कुठे चढवायचा, हे नियम ओपनटाईप फॉन्टच्या आतच असतात. सरांनी असे फॉन्ट केले. देवनागरीसाठी मंगल, तमिळसाठी लता, गुजरातीसाठी श्रुती. विंडोज २००० मध्ये मंगल आला, मग एक्सपीमध्ये. फेब्रुवारी २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला सरांचं निधन झालं.

आता माझ्या लॅपटॉपबद्दल. आपल्या मॅगझिनचे जुने अंक सीडीवर आहेत. लोणावळ्याच्या चार महिन्यांच्या पावसात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे सीडीची काय कथा! अंकाची पानं लावलेली आहेत एका जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये, आणि ते नव्या विंडोजवर चालत नाही. म्हणून मी एक्सपीचं ड्युअल बूट करायचं म्हणत होते. पण माझा लॅपटॉप यूईएफआयवाला, डिस्क जीपीटी. ३२ बिट एक्सपी तिच्यावरून बूटच होत नाही. नवे ड्रायव्हर मिळत नाहीत. सिक्युरिटी अपडेट तर ८ एप्रिल २०१४ लाच थांबले. पार्टिशन करताना चूक झाली तर प्रोजेक्टचा डेटाही जायचा.

सरांबद्दल वाचल्यावर मात्र प्रश्नच बदलला. आपल्याला जपायचं आहे ते एक्सपी नाही, सिनियर्सचं लिखाण! ड्युअल बूट करून फाईल उघडली, तरी ती माझ्याच लॅपटॉपपुरती उघडणार. मी पास आऊट झाल्यावर काय? तेव्हा ठरलं ते असं: ड्युअल बूट नाही. एक्सपी व्हर्च्युअल मशीनमध्ये, नेट बंद ठेवून. त्यातून मजकूर काढायचा, कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणायचा आणि मूळ छापील अंकाशी ओळ न् ओळ ताडून पाहायची. कारण कन्व्हर्टर पहिली वेलांटी आणि रफार हमखास इकडेतिकडे करतो.

हे काम एकटीचं नाही. ज्यांना ऱ्हस्व-दीर्घ बऱ्यापैकी येतं (माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मदत हवीच!) त्यांनी रविवारी लायब्ररीत यावं. सीडी पुढचा पावसाळा काढतील की नाही, सांगता येत नाही.