वेग, यंत्र आणि जिद्द : एडी रिकनबॅकर यांची जीवनकहाणी

वेगाचे वेड घेऊन जगणाऱ्यांना आयुष्य बहुधा थोडेच लाभते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोटारींच्या शर्यती आणि हवाई युद्ध ही दोन्ही क्षेत्रे तरुणांचे बळी घेणारी होती. या दोन्हींत नाव कमावूनही अमेरिकेचे एडी रिकनबॅकर ८२ वर्षे जगले.

८ ऑक्टोबर १८९० रोजी ओहायो राज्यातील कोलंबस शहरी एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईवडील स्वित्झर्लंडहून आलेले. १९०४ मध्ये वडील वारले आणि शाळा सुटली. वय वाढवून सांगत हा मुलगा काचेच्या कारखान्यात रात्रपाळीला लागला. पुढे मोटारदुरुस्तीच्या कामात त्याचे मन रमले. टपालाने येणाऱ्या पाठांवरून त्याने अभियांत्रिकीचा अभ्यास केला. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखण्याची हातोटी त्याला तेव्हाच साधली.

१९११ मध्ये इंडियानापोलिस येथे ५०० मैलांची पहिली शर्यत झाली, तीत रिकनबॅकर बदली चालक म्हणून उतरले. पुढे त्या शर्यतीत ते अनेकदा धावले. तेथील विजय त्यांना कधीच मिळाला नाही, तरी १९१६ पर्यंत देशातील अग्रगण्य चालकांत त्यांची गणना होऊ लागली. त्या वर्षाच्या अखेरीस ते इंग्लंडला गेले असता जर्मन वळणाच्या आडनावामुळे त्यांच्यावर हेर असल्याचा संशय घेतला गेला. पुढे त्यांनी आडनावाच्या स्पेलिंगमधले एक अक्षर बदलून ते अमेरिकी वळणाचे केले.

१९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. शर्यतीच्या चालकांचे वैमानिक पथक उभारावे ही त्यांची सूचना लष्कराने फेटाळली. मग ते लष्करी मोटारचालक म्हणून फ्रान्सला गेले. वैमानिकासाठीची वयोमर्यादा त्यांनी ओलांडली होती, शिक्षणही अपुरे होते. तरी वय कमी सांगून त्यांनी उड्डाणाचे शिक्षण मिळवले. पूर्वी कामासाठी वय वाढवून सांगणाऱ्या या माणसाने आता विमानासाठी ते घटवले.

९४ व्या स्क्वाड्रनमध्ये ते दाखल झाले. रिंगणात टाकलेली टोपी, म्हणजे आव्हान स्वीकारल्याची खूण, हे त्या पथकाचे चिन्ह होते. २९ एप्रिल १९१८ रोजी त्यांनी पहिले शत्रूविमान पाडले. अमेरिकी वैमानिकांजवळ तेव्हा पॅराशूट नसे. विमानाने पेट घेतला तर जळणे किंवा उडी घेणे, एवढेच हाती उरे. त्याच वर्षी, त्याच फ्रान्सच्या आकाशात, कोलकात्यात जन्मलेल्या इंद्रलाल रॉय यांनी जुलै महिन्यात अवघ्या काही दिवसांत १० विजय मिळवले आणि वयाच्या १९ व्या वर्षी ते कामी आले. रिकनबॅकर वयाने मोठे आणि स्वभावाने सावध होते. बंदूक अडकू नये म्हणून तिची काळजी ते स्वतः घेत. लढाईपूर्वी उंची आणि सूर्याची दिशा पाहून मगच शत्रूच्या जवळ जात.

सप्टेंबरमध्ये पथकाची सूत्रे त्यांच्याकडे आली. २५ सप्टेंबर १९१८ रोजी ते एकटेच उड्डाण करीत असताना सात जर्मन विमाने दिसली. त्यांनी वरून झेप घेऊन दोन पाडली. युद्ध संपले तेव्हा त्यांच्या नावावर २६ विजय होते. त्या महायुद्धात दुसऱ्या कोणत्याही अमेरिकी वैमानिकाला हा आकडा गाठता आला नाही. सप्टेंबरच्या त्या पराक्रमासाठी १९३० मध्ये त्यांना ‘मेडल ऑफ ऑनर’ हे सर्वोच्च लष्करी पदक मिळाले.

शांततेच्या काळाने त्यांची वेगळी परीक्षा घेतली. त्यांच्या नावाच्या मोटार कंपनीने चारही चाकांना ब्रेक असलेल्या गाड्या बाजारात आणल्या, तेव्हा ते धोक्याचे असल्याची ओरड प्रतिस्पर्ध्यांनी केली. १९२७ मध्ये कंपनी बुडाली. डोक्यावर आलेले मोठे कर्ज त्यांनी पुढे फेडले. त्याच वर्षी भांडवल उभे करून त्यांनी इंडियानापोलिसचे शर्यतीचे मैदान विकत घेतले. दुसऱ्या महायुद्धात ते बंद राहिले, १९४५ मध्ये त्यांनी ते टोनी हलमन यांना विकले आणि १९४६ पासून शर्यती पुन्हा सुरू झाल्या.

१९३८ मध्ये ईस्टर्न एअर लाइन्स ही कंपनी त्यांनी आपल्याकडे घेतली. फेब्रुवारी १९४१ मध्ये याच कंपनीचे विमान अटलांटाजवळ कोसळले. आत रिकनबॅकरही होते. अवशेषांत अडकलेल्या, हाडे मोडलेल्या अवस्थेतही ते इतर जखमींना सूचना देत राहिले. त्यांच्या निधनाची बातमीही पसरली, पण काही महिन्यांनी ते काठी टेकत बाहेर पडले.

ऑक्टोबर १९४२ मध्ये जनरल मॅकआर्थर यांच्यासाठी गुप्त निरोप घेऊन निघालेले त्यांचे बी-१७ विमान प्रशांत महासागरावर वाट चुकले आणि इंधन संपून पाण्यात उतरले. आठ माणसे, तीन रबरी तराफे आणि चार संत्री. आठव्या दिवशी एक समुद्रपक्षी रिकनबॅकर यांच्या डोक्यावर येऊन बसला. त्यांनी तो हळूच पकडला. त्याचे मांस सर्वांनी वाटून खाल्ले आणि आतड्यांचे आमिष करून मासे धरले. आशा सोडणाऱ्यांना ते इतके टाकून बोलत, की काहींना त्यांचा तिटकारा आला. रागाने का होईना, माणूस जगण्याला चिकटून राहील, असा त्यांचा हिशेब होता. एक जण दगावला. उरलेले सात जण सुमारे २४ दिवसांनी वाचले. प्रकृती सावरताच त्यांनी तो निरोप पोचवला. त्यात काय होते, हे त्यांनी कधीच उघड केले नाही.

समुद्रावर उपयोगी पडलेला हा करडेपणा व्यवसायात मात्र नडला. काटकसरीमुळे ईस्टर्न नफ्यात आली, पण प्रवाशांच्या सोयींकडे दुर्लक्ष झाले आणि जेट विमानांच्या युगात कंपनी मागे पडू लागली. १९६३ च्या अखेरीस ते निवृत्त झाले.

२३ जुलै १९७३ रोजी झुरिच येथे, आईवडिलांच्या मायदेशी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कोलंबस येथे आणून, जेथे त्यांचे बालपण गेले, त्याच गावच्या मातीत विसावल्या.