झ्यूल बोर्दे व रक्तांतील भावकी

मैदानावर खेळतांना गुडघा फुटला कीं प्रथम रक्त वाहतें, कांहीं मिनिटांनीं तें गोठतें, आणि बहुधा जखम न चिघळतां तिच्यावर खपली धरते. रक्ताला बांध घालणें हें एक काम, व जखमेवाटे आंत शिरलेल्या जंतूंचा निकाल लावणें हें दुसरें. ह्या दोन्ही कामांचें मूळ शोधण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, त्या झ्यूल बोर्दे ह्या बेल्जियन शास्त्रज्ञांचें चरित्र वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. हीं दोन कामें करणारीं द्रव्यें एकाच घराण्यांतलीं आहेत हें त्यांच्या मृत्यूनंतर स्पष्ट होत गेलें. म्हणून चरित्राबरोबर त्या घराण्याची हकीकतही सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

बोर्दे ह्यांचा जन्म बेल्जियममधील स्वान्यी ह्या लहानशा गांवीं १३ जून १८७० रोजीं झाला. वडील शाळामास्तर होते. झ्यूल चार वर्षांचे असतां कुटुंब ब्रुसेल्स येथें राहावयास आलें, व तेथील विद्यापीठांतून १८९२ सालीं, म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षीं, त्यांनीं वैद्यकाची पदवी मिळविली. सरकारी शिष्यवृत्ति मिळून १८९४ सालीं ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत दाखल झाले. ह्याच संस्थेंतून आदल्याच वर्षीं हाफकीनसाहेब पटकीची लस घेऊन हिंदुस्थानांत आले होते, हें आमच्या वाचकांस ऐकून कौतुक वाटेल.

पॅरिसमध्यें बोर्दे ह्यांना गुरु लाभले ते मेच्निकॉफ. शरीरांतील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात व रोगापासून आपलें रक्षण मुख्यतः त्यांच्यामुळेंच होतें, असें मेच्निकॉफ ह्यांचें आग्रहाचें मत होतें. जर्मन पंडितांचा पक्ष ह्याच्या उलट होता. त्यांच्या मतें हें सामर्थ्य पेशींत नसून रक्तरसांत, म्हणजे रक्त गोठल्यावर गुठळीभोंवतीं जें पिवळसर पाणी सुटतें त्यांत, होतें. अशा वेळीं मेच्निकॉफ ह्यांच्याच प्रयोगशाळेंत बसून त्यांच्या तरुण शिष्यानें जो शोध लाविला, तो नेमका रक्तरसाचें माहात्म्य वाढविणारा ठरला. शिष्यानें तो दडविला नाहीं व गुरूनें त्याला दार दाखविलें नाहीं. हें दोघांसही भूषणावह होय, असें आम्हांस वाटतें.

तो शोध १८९५ सालचा. पटकीचे जंतु टोंचून ज्या जनावराला त्या रोगाविरुद्ध तयार केलें आहे, त्याचा रक्तरस कांचेच्या नळींत त्याच जंतूंवर घातला तर जंतु विरघळून जातात. तोच रस ५५ अंशांपर्यंत तापविला तर त्याची शक्ति नाहींशी होते. बोर्दे ह्यांनीं ह्या तापविलेल्या, निकामी झालेल्या रसांत साध्या, रोगाचा कधीं संबंध न आलेल्या जनावराच्या ताज्या रसाचे कांहीं थेंब टाकले. ह्या ताज्या रसाला एकट्यानें त्या जंतूंचा नाश करतां येत नव्हता. पण दोन्ही रस एकत्र येतांच जंतु पुन्हा विरघळूं लागले. एवढ्या साध्या प्रयोगावरून बोर्दे ह्यांनीं अनुमान काढिलें कीं, हें काम एकाचें नसून दोघांचें आहे. एक द्रव्य उष्णता सोसणारें, विशिष्ट शत्रूलाच ओळखणारें व त्या शत्रूशीं गांठ पडल्यावर निर्माण होणारें. ह्यास आज प्रतिपिंड म्हणतात. दुसरें उष्णतेनें नासणारें, प्रत्येक निरोगी प्राण्याच्या रक्तांत मुळांतच असणारें. ह्यास पुढें पूरक हें नांव मिळालें. पहिलें शत्रूवर खूण करतें, दुसरें त्या खुणेवर घाव घालतें.

मध्यंतरीं १८९७ सालीं ते गुरांच्या बुळकांडी रोगाच्या अभ्यासाकरितां दक्षिण आफ्रिकेंतील ट्रान्सव्हाल प्रांतीं जाऊन आले. १८९८ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, एका जातीच्या प्राण्यास दुसऱ्या जातीच्या प्राण्याच्या रक्ताच्या तांबड्या पेशी टोंचल्या तर त्या पेशी विरघळविणारें सामर्थ्यही ह्याच रीतीनें, दोन द्रव्यांच्या जोडीनें, उत्पन्न होतें. फ्रँकफुर्टकडील एर्लिख ह्यांच्याशीं त्यांचा पुष्कळ वर्षें वाद चालला. एर्लिख म्हणत कीं पूरकें अनेक प्रकारचीं आहेत. बोर्दे म्हणत कीं पूरक एकच आहे. काळानें दोघांनाही अर्धेंअर्धें माप घातलें. पूरक ही तीसहून अधिक प्रथिनांची एक सांखळी आहे, असें आज ठाऊक झालें आहे. कड्या अनेक, पण सांखळी एकच.

ब्रुसेल्समध्यें नवी संस्था स्थापन झाल्यावर १९०१ सालीं बोर्दे तिचे संचालक होऊन स्वदेशीं परतले. पाश्चर ह्यांच्या पत्नीच्या संमतीनें १९०३ सालीं तिला पाश्चर ह्यांचें नांव देण्यांत आलें. येथें त्यांचे मेहुणे झांगू हे त्यांचे सहकारी झाले. प्रतिपिंडाची व त्याच्या शत्रूची गांठ पडली कीं त्यांत पूरक खर्ची पडतें, हें दोघांनीं १९०१ सालीं दाखविलें. उरलें आहे कीं नाहीं हें पाहून रोगाचा माग काढण्याची युक्ति ह्यांतूनच निघाली, व वासरमान ह्यांनीं १९०६ सालीं उपदंशाची परीक्षा हिच्यावरच उभारली. त्याच वर्षीं बोर्दे व झांगू ह्यांनीं बटाटा, ग्लिसरीन व रक्त ह्यांच्या मिश्रणावर डांग्या खोकल्याचा जंतु वाढविण्यांत यश मिळविलें. तो जंतु बोर्दे ह्यांच्या दृष्टीस प्रथम १९०० सालीं पडला होता. आज त्याचें शास्त्रीय नांव बोर्डेटेला असें आहे.

रक्त गोठण्याचा विषयही त्यांनीं ह्याच काळांत हातीं घेतला. कांचेच्या भांड्यांत रक्त लौकर गोठतें, पण भांड्यास आंतून पॅराफिनचा लेप दिला तर बराच वेळ पातळ राहतें. तेव्हां परक्या पृष्ठभागाचा स्पर्श हें गोठण्याचें एक कारण आहे, हें त्यांनीं ओळखिलें. पुढें त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, रक्तरसांतील एक द्रव्य व रक्तांतील सूक्ष्म बिंबिकांपासून येणारें दुसरें द्रव्य चुन्याच्या क्षारांच्या साह्यानें एकत्र आल्यावर थ्रॉम्बिन तयार होतें, व तें रक्त गोठवितें. पहिल्या महायुद्धांत ब्रुसेल्स जर्मनांच्या ताब्यांत होतें. त्या वर्षांत बोर्दे ह्यांनीं रोगप्रतिकारावरील आपला मोठा ग्रंथ लिहिला, व तो १९२० सालीं प्रसिद्ध झाला. १९१९ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. १९४० सालीं संस्थेची धुरा त्यांचे पुत्र पॉल ह्यांच्याकडे आली, आणि ६ एप्रिल १९६१ रोजीं, नव्वद वर्षांचे असतां, बोर्दे ह्यांनीं इहलोक सोडिला.

आतां घराण्याची हकीकत. प्राण्याप्राण्यांतील नातें रक्तावरून ओळखण्याच्या विद्येस बोर्दे ह्यांच्या एका प्रयोगाचा हातभार लागला होता. १८९९ सालीं त्यांनीं सशाला दूध टोंचलें, तेव्हां त्या सशाच्या रक्तरसांत दुधाचा साका पाडण्याचा गुण आला. अशाच प्रकारचे रस तयार करून केंब्रिजच्या नटॉल ह्यांनीं कोणत्या प्राण्याचें रक्त कोणाच्या रक्ताशीं किती जुळतें ह्याच्या सुमारें सोळा हजार परीक्षा केल्या, व त्या १९०४ सालीं ग्रंथरूपानें छापल्या. माणसाचें वानराशीं असलेलें जवळचें नातें त्या नळ्यांतही उघड दिसलें. परंतु एकाच प्राण्याच्या रक्तांतील दोन प्रथिनांचें आपसांतील नातें ओळखण्यास प्रथिनांच्या घडणीचीं अक्षरें, म्हणजे अमिनो आम्लांचा क्रम, वाचतां यावा लागतो. ही विद्या पसरली तेव्हां बोर्दे वृद्ध झाले होते.

पुढील दोनतीन दशकांत जें वाचलें गेलें तें विलक्षण होतें. रक्त गोठविणारें थ्रॉम्बिन, गुठळी विरघळविणारें प्लाझ्मिन, पूरकाच्या सांखळींतील पहिल्या कड्या, आणि ज्याचा रक्ताशीं संबंध नाहीं असें अन्न पचविणारें ट्रिप्सिन, ह्या सर्वांत कापण्याचा भाग एकाच घाटाचा निघाला. सर्वांत तीच तीन अमिनो आम्लें, हिस्टिडीन, अस्पार्टिक आम्ल व सेरीन, त्याच जागीं बसून दुसऱ्या प्रथिनाचा धागा कापतात. एवढें साम्य योगायोगानें येत नाहीं. एखाद्या पोथीची नक्कल व्हावी, मूळ पोथी आपल्या जागीं राहावी, आणि नकलेंत पिढ्यानुपिढ्या फरक पडत जाऊन ती वेगळ्याच कामास लागावी, तसें जनुकांचें होतें. मूळच्या एका जनुकाच्या नकला झाल्या, त्या वेगळ्या निघाल्या, व आज कोणी जखम बुजवितो, कोणी जंतु मारतो, कोणी जेवण पचवितो. कामाची रीतही भाऊबंदांस शोभेल अशीच आहे. एक प्रथिन दुसऱ्याला कापून जागें करतें, तें तिसऱ्याला, आणि थोड्या ठिणगीचा मोठा वणवा होतो. रक्त गोठण्याच्या ह्या उतरंडीची कल्पना १९६४ सालीं इंग्लंडांत व अमेरिकेंत जवळजवळ एकाच वेळीं मांडली गेली.

ह्या भावकींत वडिलोपार्जित धंदा सोडलेलेही आहेत. हॅप्टोग्लोबिन नांवाचें प्रथिन ह्याच कुळांतलें. पण त्याची कापण्याची शक्ति गेली असून, फुटलेल्या तांबड्या पेशींतून सांडलेलें हिमोग्लोबिन धरून ठेवणें हें त्याचें काम झालें आहे. पूरकांतील मुख्य तिसरें प्रथिन मात्र ह्या घराण्यांतलें नव्हे. त्याचें नातें रक्तांतील एका अवाढव्य प्रथिनाशीं जुळतें, जें थ्रॉम्बिनसारख्या कापणाऱ्यांना पकडून आवरतें. त्या प्रथिनास अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन असें लांबलचक नांव आहे.

ओरिसा व बंगालच्या किनाऱ्यांवर घोड्याच्या नालाच्या आकाराचा जो खेंकडा सांपडतो, त्याच्या जातभाईंच्या निळसर रक्तांत हीं दोन्ही कामें अजून वेगळीं झालेलीं दिसत नाहींत. कांहीं जंतूंच्या अंगावरील विषाचा स्पर्श होतांच तें रक्त गोठतें, व जंतु त्या गोळ्यांत अडकतात. अमेरिकेंतील बँग ह्यांनीं हें १९५६ सालीं वर्णिलें, म्हणजे बोर्दे हयात असतांनाच. त्या खेंकड्याच्या रक्तांत ही सांखळी सुरू करणारें जें प्रथिन आहे, त्यांत कापण्याचा भाग ट्रिप्सिनच्या घाटाचा आहे, व त्याला जोडलेले कांहीं तुकडे आपल्या पूरकांतील तुकड्यांसारखे आहेत. हा खेंकडा आपला पूर्वज नव्हे, आणि त्याच्या रक्ताचा गोळा ज्या प्रथिनाचा बनतो तें आपल्या फायब्रिनच्या कुळांतलें नाहीं. दूरचा चुलतभाऊ म्हणूनच त्याच्याकडे पाहिलें पाहिजे. जवळचे भाऊ पाहावयाचे तर ते आपल्याच शरीरांत आहेत. पूरकांतील दोन प्रथिनें, ज्यांस दुसरें पूरक व घटक बी म्हणतात, तीं एकाच जनुकाच्या नकलेंतून झालेलीं आहेत, आणि त्यांचीं जनुकें मनुष्याच्या सहाव्या गुणसूत्रावर आजही अगदीं एकमेकांस लागून आहेत.