नारायण धारप

मुलांनो, दिवे मालवून भीतीच्या गोष्टी ऐकायला तुम्हांला आवडतात ना? मराठीत अशा गोष्टी लिहिणारे मोठे लेखक म्हणजे नारायण धारप. त्यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ चा. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. टेक. पदवी घेऊन ते काही वर्षे आफ्रिकेत होते. म्हणजे तुमच्या आईबाबांसारखेच, शिकून परदेशी गेलेले! पण ते परतले आणि त्यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली.

त्यांच्या गोष्टीत सुरुवातीला विशेष काही घडत नाही. जुना वाडा, बंद खोली, घरात आजारी म्हातारी. शेवटी मात्र कळते, की आपण समजत होतो तसे काही नव्हतेच. काही कल्पना त्यांनी इंग्रजीतून घेतल्या. 'आजी' ही कथा स्टीफन किंग यांच्या कथेवर बेतलेली आहे. काहींना हे खटकते. मला विचाराल तर ती आजी आपल्याच घरातली वाटते, म्हणून भीती जास्त!

१८ ऑगस्ट २००८ रोजी धारप वारले. त्यांच्या कथांवरची महेश कोठारे यांची 'अनोळखी दिशा' ही मालिका २०११ साली आली. एक गोष्ट संपली की दुसरी. ती पाहायला ते नव्हते.

इथे हर्नडनला आमच्या बेसमेंटमध्ये मी मुलीला 'आजी' वाचून दाखवतो, रोज दोन पाने. शेवट आधी कळू नये म्हणून पुस्तक कपाटावर ठेवले होते. परवा पाहतो तर बाईसाहेब खुर्चीवर चढून, अक्षर अक्षर लावत, माझ्या पुढे चार पाने गेलेल्या!