सगळ्यांना सामावून घेणारी इंद्रादेवी

२०१५ पासून दरवर्षी २१ जूनला योगदिन साजरा होतो. त्या दिवशी मैदानं भरतात, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी चटया पुन्हा माळ्यावर जातात! आमच्या मंडळाच्या सभागृहात बायकांचा योगवर्ग चालतो, त्याची नावनोंदणी माझ्याकडे असते. नाव घालायला आलेली प्रत्येक जण आधी अडचणी सांगते. कुणाचं वय झालेलं असतं, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला पंजाबी ड्रेस घालायची सवय नाही, तर कुणाच्या घरी सासूबाई काय म्हणतील याची धास्ती. अशा वेळी मी त्यांना इंद्रादेवीची गोष्ट सांगते. नाव आपल्याकडचं वाटलं, तरी बाई मूळची परदेशी बरं का!

तिचं खरं नाव युजिनी पीटरसन. जन्म १२ मे १८९९, लाटव्हियातल्या रिगा शहरातला. वडील स्वीडिश, आई रशियन, नाटकात काम करणारी. १९१७ साली रशियात क्रांती झाली आणि मायलेकींना देश सोडावा लागला. पुढे बर्लिनला ती नाटकात कामं करू लागली, नाचू लागली. पण लहान वयात भारताबद्दल काही वाचलं होतं, ते मनातून जाईना. १९२७ साली ती इथे आली आणि इथलीच झाली. साडी नेसू लागली, १९३० च्या ‘शेर-ए-अरब’ या मूकपटात झळकली. इंद्रादेवी हे नावही तिथलंच. मग मुंबईतल्या चेकोस्लोव्हाकियाच्या वकिलातीतल्या यान स्ट्राकाटी यांच्याशी तिचं लग्न झालं. मेजवान्या, समारंभ, मोठमोठ्या ओळखी, कशाची म्हणून कमतरता नव्हती.

आणि नेमकं तेव्हाच दुखणं मागे लागलं. छातीत दुखायचं, वर्षानुवर्षं औषधं चालू, पण गुण येईना. शेवटी योग शिकायचं ठरवून ती म्हैसूरला टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे गेली. त्यांची योगशाळा राजवाड्यात भरायची. पुण्यात ज्यांनी आयुष्य काढलं ते बी. के. एस. अय्यंगारही त्यांचेच शिष्य. पण आचार्यांनी तिला साफ नकार दिला. एक तर परदेशी आणि त्यातून बाई! तिची महाराजांशी ओळख होती, त्यांनी शब्द टाकला म्हणून आचार्य कसेबसे तयार झाले. हे १९३७ सालचं. तेव्हा ती अडतिशीची, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या वयाची होती.

आचार्यांनी खाण्यापिण्याचे, झोपण्या-उठण्याचे कडक नियम घातले. बाई कंटाळून आपणहून निघून जाईल, असाच सगळ्यांचा अंदाज असावा. पण तिने एकही नियम मोडला नाही. तब्येत सुधारली, आचार्यांचं मतही बदललं. नवऱ्याची चीनला बदली झाली, तेव्हा आता तू इतरांना शिकव, असं त्यांनीच तिला सांगितलं. ज्या बाईला दारात उभं करायची तयारी नव्हती, तिच्यावरच त्यांनी विद्या पुढे न्यायची जबाबदारी टाकली.

१९३९ साली तिने शांघायला वर्ग सुरू केला. महायुद्धाच्या धामधुमीतही ती शिकवत राहिली. युद्ध संपलं आणि १९४६ साली नवरा गेला. १९४७ मध्ये ती एकटी अमेरिकेत पोचली आणि हॉलिवूडमध्ये तिने योगवर्ग काढला. वय अठ्ठेचाळीस! तिथल्या लोकांना योग म्हणजे काहीतरी जादूटोणा वाटायचा. तिने सोप्या भाषेत, घरगुती पद्धतीने शिकवलं. श्वास, शांत पडून राहणं, झेपेल तेवढीच आसनं. ग्लोरिया स्वॉन्सनसारख्या मोठ्या नट्या तिच्याकडे यायच्या आणि साध्या गृहिणीही यायच्या. १९५३ साली तिचं पुस्तक निघालं, ते घरोघर गेलं. १९६० मध्ये मॉस्कोला जाऊन तिने तिथल्या पुढाऱ्यांना योगाची माहिती दिली. नंतर मेक्सिकोत शिक्षक तयार केले आणि वयाची ८५ वर्षं पार झाल्यावर अर्जेंटिनात नव्याने बस्तान बसवलं. या वयात आपल्याकडे माणसाला बाजेवरून उठू देत नाहीत! २५ एप्रिल २००२ रोजी ब्युनोस आयर्समध्ये ती गेली, तेव्हा १०२ वर्षांची होती.

मला तिच्या वयाचं कौतुक आहेच, पण त्याहून मोठी वाटते ती तिची शिकवण्याची रीत. गुरूकडे स्वतः एवढं कडक शिकूनही तिने आपल्याकडे येणाऱ्याला कधी घाबरवलं नाही. योगवर्ग असाच असावा. पहिल्याच दिवशी डोक्यावर उभं राहायला लावणारा वर्ग आपल्या कामाचा नाही. बीपी आहे का, ऑपरेशन झालंय का, दिवस गेलेत का, हे शिकवणारीने आधी विचारायला हवं. दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

आणखी एक. वर्गाची वेळ बाईच्या दिवसात बसली पाहिजे. सकाळी सहाचा वर्ग कागदावर छान दिसतो, पण तेव्हा नळाला पाणी येतं, डबे करायचे असतात. आम्ही वेळ दुपारी चारची केली आणि ज्या दोन-तीन दिवसांत गळायच्या, त्या टिकल्या. एक जण नऊवारीतच येते, काष्टा घट्ट करून. आमच्यात तिच्याइतकं सुंदर ताडासन कुणाचंच नाही! घरात ज्या कुणाशी मोकळं बोलता येत नाही, त्या शवासनानंतर पाच मिनिटं जास्तच पडून राहतात. आम्ही त्यांना उठवत नाही.

तुमच्या गल्लीत असा वर्ग असेल तर नक्की जा. नसेल तर चार जणी मिळून, शिकलेली एखादी बाई गाठून सुरू करा. आणि दारात कुणी बिचकत उभी राहिली, तर सरकून तिला चटईपुरती जागा द्या.